झेब्रे परत जायच्या आत

काळे कपडे घातलेली बाई समोरून आली की आमच्या ग्वेता गावात लोक वाट सोडतात. कुणी कुंपणाला टेकून उभं राहतं, कुणाला नेमका त्याच वेळी चपलेतला खडा काढायचा असतो. सुरुवातीला जिवाला लागायचं. मग मीच लांबून खाकरायला लागले, म्हणजे लोकांना आपली सोय बघायला वेळ मिळतो.

त्या जुलैच्या सकाळी समोरून एक उंच माणूस आला. डोक्यावर उन्हाने विटलेली टोपी, हातात चहाचा थर्मास. मी खाकरले. त्याने वाट सोडली... आणि बाजूच्या मातीत सरळ मांडी घालून बसला. तोंड फिरवलं नाही, खडाबिडा काही काढला नाही. दिवसभर तिथेच बसायचा बेत असल्यासारखा नुसता बसला.

मी कमरेच्या पिशवीतून रानकांद्याची फोड काढली, वाटेवर टाकली आणि पाऊल पुढे टाकलं. हे असंच चालायचं असतं. नवरा गेलेल्या बाईच्या अंगात वर्षभर एक ऊष्मा असतो म्हणतात. तिच्या वाटेवरून गुरं गेली तर गाभडतात, पाऊस मागे सरतो. कडू रानकांद्याची फोड पडली की तो ऊष्मा मातीत मुरतो. मी पंचविशीही गाठली नव्हती आणि अख्ख्या गावाचा पाऊस माझ्या कमरेला बांधलेला होता.

‘दुमेला, मा,’ त्याने बसल्या बसल्या नमस्कार केला. ‘सावकाश जा तुम्ही. मला बसायची सवय आहे.’

माझं पाऊल तिथेच थांबलं. हा आवाज मी रोज सकाळी ऐकत होते.

मी काम करायची ती खोली गावाच्या टोकाला होती. मिठाच्या मैदानावर तंबूंची एक छावणी आहे, तिचं बुकिंग तिथून चालायचं. एक फोन, एक वायरलेस, भिंतीवर एक नकाशा. दिवसभर कुठून कुठून एकच प्रश्न यायचा, कधी यावं? मी पाठ केल्यासारखं सांगायची. मे ते ऑक्टोबर आलात तर मैदान कोरडं आणि पांढरंशुभ्र, थंडी कडक, गाडी वाटेल तिकडे जाईल, मीरकॅट हाताच्या अंतरावर बघायला मिळतील. झेब्रे बघायचे असतील तर पाऊस पडल्यावर या, डिसेंबर ते मार्च. बोटेटी नदी सोडून झेब्र्यांचे कळपच्या कळप गवतासाठी इकडे येतात, पाणी साचलं की रोहित पक्षी उतरतात. पण तेव्हा चिखल असतो, गाडी रुतेल, मग तक्रार करायची नाही. आणि गंमत म्हणजे यातलं काहीच मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. गवत नाही, पाणी नाही, नुसतं मीठ. तिथे आमची माणसं उगाच कशाला तंगडतोड करतील?

त्या छावणीवर एका माणसाचं काम होतं मीरकॅटांजवळ बसणं. खरंच, पगार त्याचाच. मीरकॅट म्हणजे मुंगसाच्या जातीचं वीतभर जनावर, दोन पायांवर उभं राहून उन्हाला पोट शेकत बसणारं. माणूस दिसला की बिळात पळतं. त्यांना माणसाची सवय व्हावी म्हणून हा माणूस रोज पहाटे त्यांच्या बिळाशी जाऊन बसायचा आणि सगळं कुटुंब घेऊन ती हिंडतील तसा मागे हिंडायचा. बिळं ती बदलत राहतात. मग सकाळी तो वायरलेसवर सांगायचा, आज कुटुंब कुठल्या बिळातून निघालं, म्हणजे पाहुण्यांना कुठे न्यायचं ते वाटाड्यांना कळे. मी ऐकायची आणि म्हणायची, ‘ओव्हर.’ त्या दिवसांत माझ्या तोंडून दुसरा शब्द निघत नसे. पण त्याला काय वाटलं कोण जाणे, मे महिन्यापासून तो शेवटी एक वाक्य जास्तीचं जोडायला लागला. ‘आज गोरखचिंचेच्या पूर्वेचं बीळ. एक पिल्लू माझ्या टोपीवर चढून पहारा देत होतं. ओव्हर.’

आणि आता तो मातीत बसलेला, माझ्यासमोर.

‘तुम्ही... टोपीवाले?’ मी विचारलं.

त्याने मान वर केली. क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि मग चेहराभर हसला. ‘आणि तुम्ही ओव्हरबाई.’

मला हसू आलं. मार्चमध्ये नवरा गेला तेव्हापासून मी हसले नव्हते आणि हसायची मला परवानगी आहे की नाही हेही ठाऊक नव्हतं. मी घाईघाईने दोन फोडी एकदम टाकल्या आणि चालू लागले. त्याचं नाव ओलेबिले. माझं सेगामेत्सी, घरी मेत्सी.

माझा नवरा मोएमेदी आमच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी गेला. भर पावसात माउनच्या रस्त्यावर गाडीपुढे गाय आली. चांगला माणूस होता हो. शिट्टी वाजवत भांडी घासायचा. त्याची आई, माझी सासू, आणि मी अशा दोघीच घरात उरलो. आमच्याकडे पहिलं मूल झालं की लोक आईबापांना त्याच्याच नावाने हाक मारतात, आईला मा-, बापाला रा-, म्हणून गाव सासूबाईंना मा-मोएमेदी म्हणायचं. कुंपणापलीकडून कुणी हाक मारली, ‘मा-मोएमेदी, आहात का घरात?’ की आत मी डोळे मिटून घ्यायची. त्या मात्र शांतपणे ओ द्यायच्या.

त्या भेटीनंतर वायरलेसवरचं ते जास्तीचं वाक्य माझ्या दिवसाचा आधार होऊन बसलं. त्यात लाडीगोडी नसायची. सगळे वाटाडे ऐकत असायचे, आणि रा-काबो नावाचा म्हातारा ड्रायव्हर तर कान लावूनच बसायचा. ओलेबिले सांगायचा, आज विंचवावरून दोघा भावांची मारामारी झाली. आज कुटुंबातल्या आजीने पहारा द्यायला नकार दिला. मग एके दिवशी मी ‘ओव्हर’च्या आधी विचारलं, ‘आजीचं मग काय झालं?’ पलीकडे इतका वेळ काही आलं नाही की मला वाटलं यंत्र बिघडलं. शेवटी रा-काबोच मध्ये बोलला, ‘अरे पोरा, बाईंनी विचारलंय, उत्तर दे की!’

अधूनमधून तो सुट्टीला गावात यायचा. वाट तीच. मी लांबून दिसले की तो बसायचा. पहिल्या खेपेला खूप दूर. पुढच्या खेपेला थोडा जवळ. मी हे ध्यानात ठेवत होते, खोटं कशाला बोलू.

‘तुम्ही माझं मीरकॅट करताय का?’ मी एकदा विचारलंच.

‘छे,’ तो म्हणाला. ‘मीरकॅट एवढे प्रश्न विचारत नाहीत.’

‘मग त्यांना माणसाळवता कसे?’

‘काही करायचं नसतं. खायला द्यायचं नाही, हात लावायचा नाही, बोलवायचं नाही. रोज जाऊन बसायचं एवढंच. मग कधीतरी ते ठरवतात.’

‘आणि नाही ठरवलं तर?’

तो थर्मासचं झाकण फिरवत राहिला. ‘तर... आपलं बसणं तरी झालं.’

त्या दिवशी मी खोलीवर पोहोचले तेव्हा माझे गाल तापले होते. तो ऊष्मा रानकांद्याने उतरणारा नव्हता.

सप्टेंबरच्या सुरुवातीला छावणीच्या मालकीणबाई म्हणाल्या, लोकांना कधी यायचं ते सांगतेस, स्वतः एकदा बघून तरी ये. रा-काबो भाजीपाला आणि गॅसच्या टाक्या घेऊन छावणीवर निघाला होता, दिवस मावळायच्या आत परत आणून सोडतो म्हणाला. मी सासूबाईंना विचारलं. त्या बाजरी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ‘पिशवी भरून घे.’ मी रानकांदा चिरून पिशवी गच्च भरली.

मैदानाबद्दल मी फोनवर जे जे सांगत होते ते खरं होतं आणि तरी काहीच सांगितलेलं नव्हतं. कशाचीही सावली नाही. आवाज नाही. पांढऱ्या जमिनीला भेगा पडलेल्या, आणि जमीन संपते कुठे, आकाश सुरू होतं कुठे याचा पत्ता लागत नाही. मैदानाच्या कडेच्या गवतात ओलेबिले बसला होता, आणि त्याच्या टोपीवर खरंच एक मीरकॅट उभं होतं. मी गाडीतून उतरले, दर पावलाला फोड टाकत गेले आणि त्याने डोळ्यांनी दाखवलं तिथे बसले. सकाळची थंडी अजून हटली नव्हती.

मीरकॅटं हळूहळू जवळ आली. एकाने माझ्या चपलेचा वास घेतला. एकाने माझ्याकडे पाठ करून उन्हाला पोट दिलं. मग दोन पिल्लं आली, माझ्या काळ्या झग्याच्या घोळावर चढली, एकमेकांत गुरफटली आणि चक्क झोपली.

‘काळा रंग आवडला त्यांना,’ ओलेबिले अगदी हळू म्हणाला. ‘ऊन धरून ठेवतो. उबदार लागतो.’

मी ओठ घट्ट मिटले. उपयोग झाला नाही. मार्चपासून ज्या कपड्याला बघून माणसं वाट सोडत होती, त्यावर कुणीतरी ऊब मिळते म्हणून झोपलं होतं. मी रडले. पिल्लं जागी होऊ नयेत म्हणून अंग न हलवता रडले, आणि रडतानाच मला हसू येत होतं. ओलेबिलेने माझ्याकडे पाहिलं नाही. उठला, पलीकडे काहीतरी बघून येतो म्हणाला, आणि माझं रडणं आटोपेपर्यंत तिकडेच वाकून काहीबाही करत राहिला.

परत गाडीकडे जाताना सहज खाली लक्ष गेलं. मी आले त्या वाटेवर एकही फोड नव्हती. मी टाकल्याच नव्हत्या का? आनंदाच्या भरात विसरले? पिशवी तर अर्धी झाली होती... पण ती घरापासून गाडीपर्यंतच्या वाटेवरही झाली असेल. मी कुणाला काही बोलले नाही. रा-काबोने मात्र मला बिळाशी बसलेली पाहिलं होतं, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

त्या वर्षी पाऊस आला नाही.

नोव्हेंबर कोरडा गेला. डिसेंबरात ढग यायचे, गडगडायचे आणि दुसरीकडे निघून जायचे. झेब्रे बोटेटीच्या डबक्यांपाशीच अडकले होते. फोनवर लोक चिडायचे. तुम्हीच म्हणालात ना डिसेंबरात या? मी माफी मागायची. गावात गुरं बसायला लागली, बसली की उठेनात. आणि मग कुजबुज सुरू झाली. काळ्या कपड्यातली बाई मैदानावर गेली होती. हसत होती म्हणे. विहिरीवर एका बाईने माझ्या देखत दुसरीला म्हटलं, ‘सेगामेत्सी! पाणी भरणारी, असं नाव ठेवलंय. भरतेय कुठली, अडवून बसलीय.’

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण मला ते खरं वाटत होतं. मोएमेदी मातीत गेला त्याला वर्षही झालं नव्हतं आणि मी एका परक्या माणसाशेजारी बसून हसले होते. फोडी टाकायच्याही विसरले असणार. पाऊस रुसला तर त्याचं काय चुकलं? मी वायरलेसवर पुन्हा ‘ओव्हर’ एवढंच म्हणायला लागले. ओलेबिलेने कारण विचारलं नाही. तो रोज आपलं जास्तीचं वाक्य सांगत राहिला, उत्तर येवो न येवो.

जानेवारीत चुलतसासरे रा-तिरो आमच्या अंगणात येऊन बसले. सोबत भावकीतले आणखी दोघे. सासूबाई खुर्चीवर, मी खाली चटईवर. रा-तिरो म्हणाले, सुतक मोडलंय. मार्चमध्ये कपडे उतरायचे नाहीत. वर्ष पुन्हा पहिल्यापासून धरायचं, आणि या खेपेला बाईने घराबाहेर पडायचं नाही. नोकरी सोडायची. मग त्यांनी मला विचारलं, त्या दिवशी फोडी टाकल्या होत्यास की नाही?

‘मला वाटतं... मी विसरले,’ मी म्हटलं.

आणखी एक वर्ष. काळा झगा, बंद फाटक, आणि सकाळी तो आवाजही नाही. मी मान खाली घालून बसले. मनातल्या मनात मी ते कबूलही करून टाकलं होतं.

तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी घसा खाकरला. बघते तर ओलेबिले. टोपी काढून छातीशी धरलेली, हातात पत्र्याचा एक डबा. परक्या पुरुषाने अशा बैठकीत यायचं म्हणजे संकट अंगावर ओढून घेणंच. रा-काबोने त्याला बैठकीची बातमी दिली होती हे मला पुढे कळलं. म्हाताऱ्याची जीभ एकदा तरी कामाला आली म्हणायची.

त्याने सगळ्यांना रीतसर नमस्कार केला, रा-तिरोंपुढे उकिडवा बसला आणि डबा उघडला. आत वाळून करकरीत झालेल्या रानकांद्याच्या फोडी होत्या.

‘ह्या तिने टाकल्या होत्या,’ तो म्हणाला. ‘बिळापर्यंत, दर पावलाला. मी उचलल्या.’

रा-तिरोंनी डबा जवळ ओढून फोडी बोटांनी चाळवल्या.

‘का?’ रा-तिरोंनी विचारलं.

‘रानकांदा विषारी असतो, रा. पिल्लं दिसेल ते तोंडात घालतात. मला तिला सांगायला हवं होतं, पण ती... तेव्हा सांगण्यासारखी वेळ नव्हती.’

‘रीत ठाऊक नव्हती तुला?’

‘ठाऊक होती. तरी उचलल्या. पाऊस अडला असेल तर माझ्या हाताने अडला. जे काय करायचं ते माझं करा.’

‘आणि ठेवल्यास कशाला इतके दिवस?’

ओलेबिले डब्याकडे बघत म्हणाला, ‘दुसऱ्याच्या दुःखाची वस्तू... फेकून कशी द्यायची?’

मी विसरले नव्हते. एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. मी मोएमेदीला विसरले नव्हते. सप्टेंबरपासून छातीवर धोंडा ठेवून झोपत होते, तो कुणीतरी उचलून बाजूला ठेवला.

रा-तिरो मात्र उसळले. म्हणजे दोघांनी मिळून सुतक मोडलं, आता तर वर्ष वाढवायलाच हवं, असं म्हणत ते उठले. तेव्हा सासूबाई बोलल्या. आवाज चढवला नाही.

‘खाली बसा, रा-तिरो. माझा मुलगा गेला त्या दिवशी धो धो पाऊस होता. रस्ता ओला होता म्हणून गाडी थांबली नाही. त्याला मातीत ठेवला तेव्हाही पाऊस. तुम्ही सगळे म्हणालात, पाऊस आला, चांगलं झालं, आशीर्वाद आहे. मी ऐकून घेतलं. कुणाचं चांगलं झालं, सांगा ना मला.’

रा-तिरो जमिनीकडे बघायला लागले.

‘पाऊस यायचा तेव्हा येतो. आला त्यात माझं पोर गेलं. आता येत नाही, तर त्यात हिला का मारायचं? मार्चमध्ये हिचे कपडे उतरतील. मी उतरवेन.’

‘मग पुढे जे होईल ते तुझ्या घरावर,’ रा-तिरो म्हणाले.

‘माझ्या घरावर आणखी काय व्हायचं राहिलंय?’

भावकी उठून गेली. ओलेबिलेही उठला, तेव्हा सासूबाईंनी त्याला थांबवलं. ‘तू का आलास?’

‘फोडी द्यायला, मा.’

‘माझ्या वयाच्या बाईशी खोटं बोलू नये.’

तो टोपीची कड चाचपत राहिला. मी चटईची काडी उपटत होते. ‘तिला आणखी एक वर्ष काळ्यात बघवलं नसतं मला,’ तो म्हणाला. ‘आणि... मी थांबेन, मा. कितीही. पण ते माझं थांबणं आहे. तिच्यावर त्याचं ओझं नको.’

‘मार्चपर्यंत या अंगणात पाय ठेवायचा नाही,’ सासूबाई म्हणाल्या. ‘वायरलेसवरही कामापुरतंच. माझ्या मुलाचं वर्ष मला नीट पुरं करू दे.’

‘हो, मा.’

त्याने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी वायरलेसवर आलं, ‘आज दक्षिणेचं बीळ. ओव्हर.’ जास्तीचं वाक्य नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा मला कळलं की त्या एका वाक्यावर मी किती महिने जगले होते. संध्याकाळी मी सासूबाईंजवळ बसायची. आम्ही मोएमेदीबद्दल बोलायला लागलो, त्याच्या लहानपणीचं, त्याच्या शिट्टीचं. इतके दिवस दोघी एकमेकींना जपत गप्प होतो, वेड्याच. एकदा मी त्यांना सांगितलं की मला तो माणूस आवडतो. आणि मोएमेदीही आवडतो, अजून. हे दोन्ही एकदम कसं असू शकतं ते मला समजत नव्हतं. त्या म्हणाल्या, समजायला कशाला हवं, आहे ना?

फेब्रुवारी सरता सरता पाऊस आला. उशिरा आला आणि आला तो मुक्काम ठोकून. गावात नाचले लोक. विहिरीवरच्या त्याच बाईने माझी घागर उचलून दिली, जसं काही झालंच नव्हतं. मी घागर घेतली. पावसाचं श्रेय मला नको होतं, दोषही नको होता. आणि एका सकाळी वायरलेसवर ओलेबिलेचा आवाज आला, ‘झेब्रे आले. ओव्हर.’ एवढंच. पण त्याने बटण सोडलं नाही. पलीकडून वारा ऐकू येत होता आणि त्यात शेकडो खुरांचा चिखल तुडवण्याचा आवाज, मध्येच झेब्र्यांचं ते चिरकं ओरडणं. मी यंत्राला कान लावून उभी राहिले. रा-काबोसुद्धा मध्ये बोलला नाही.

मार्चमध्ये वर्ष पुरं झालं. सासूबाईंनी माझे केस कापले, पाण्यात पाला टाकून मला न्हाऊ घातलं, काळा झगा स्वतःच्या हाताने जाळला. मग पेटीतून एक निळा छापील झगा काढला. त्यांनी मोएमेदीच्या बायकोसाठी म्हणून तो कधीचा शिवून ठेवला होता.

‘हा घालून मी दुसऱ्याच्या घरी जाऊ?’ मी विचारलं.

‘मग काय, पेटीत कसर लागू देऊ?’

‘तुम्ही एकट्या राहाल.’

त्या पेटी बंद करत म्हणाल्या, ‘एकटी कशी? दिवसभर सगळं गाव मला त्याच्या नावाने हाक मारतं. तेवढं मला पुरतं, पोरी. तुला नाही पुरायचं.’

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडले. त्याही रडल्या.

दुसऱ्या दिवशी कामाला निघाले तर सासूबाई शाल घेऊन तयार. मी पण येते म्हणाल्या. वाटेत माझा हात सारखा कमरेकडे जायचा, पिशवी शोधायचा. समोरून लोक यायचे आणि वाट सोडायचे नाहीत. एक जण तर मला घासून गेला, आणि मी त्याच्याकडे बघून खुळ्यासारखी हसले. खोलीवर पोहोचलो तोच वायरलेस खरखरला.

‘गोरखचिंचेच्या पूर्वेचं बीळ,’ ओलेबिले म्हणाला. मग थांबला. मला श्वास ऐकू येत होता. ‘आजीने... आज टोपीवर बसून पहारा दिला. ओव्हर.’

जास्तीचं वाक्य. मी यंत्राकडे हात नेला, पण सासूबाई पुढे झाल्या. कुठलं बटण ते मला विचारलं आणि दाबून धरलं.

‘मी मा-मोएमेदी बोलतेय.’

त्यांनी शाल सावरली आणि विचारलं,

‘तुझे मामा आहेत ना रे?’

‘आ... आहेत, मा.’

‘मग मागणी घालायला पाठव त्यांना. माझ्या फाटकाशी यायचं, ही माझ्याच घरातून जाईल. आणि झेब्रे परत जायच्या आत पाठव. भरल्या दिवसांत माणसं यावीत. रिकाम्या मैदानाकडे बघत पाहुणे बसवायला मला आवडत नाही.’ मग त्या माझ्याकडे वळल्या. ‘आता काय म्हणायचं असतं?’

‘ओव्हर,’ मी म्हटलं.

‘ते तू म्हण,’ म्हणून त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं.

मी बटण दाबलं. वर्षभर जगाला सांगत आले होते, कधी यावं, कधी येऊ नये. आता घशाशी एकच गोष्ट होती आणि सगळे वाटाडे ऐकत होते. ऐकू देत म्हटलं.

‘ओलेबिले,’ मी म्हटलं, ‘लवकर ये. मी वाट बघतेय.’

त्याने बटण दाबून ठेवलं. वारा आला, खुरं आली, आणि मध्येच एक मोठा माणूस नाक ओढतो तसा आवाज आला. तो किती वेळ तसाच बसून राहिला कोण जाणे. अखेर त्याने बटण सोडलं, आणि रा-काबोचा आवाज घुसला, ‘झालं असेल तर कुणी सांगेल का, पाहुण्यांना कुठल्या बिळावर न्यायचं? मी काही ऐकलंच नाही.’

सासूबाई माझ्या खुर्चीवर बसल्या. शालीच्या टोकाने डोळे पुसले आणि इथे चहा मिळतो का, विचारलं.